चुकलेल्या गाड्यांची वही

आज माझ्या आईचं दार मला उघडं आहे, ते पाथरीच्या एसटी स्टँडवरच्या निवृत्त कंट्रोलर काकांमुळे. काय घडलं ते मागाहून सांगतो. आधी उपकार कुणाचे ते सांगितलेलं बरं, नाहीतर बोलता बोलता माझंच पुराण होईल आणि ते राहून जातील. अख्ख्या परभणी जिल्ह्यात त्यांच्यासारखा माणूस झाला नाही आणि होणारही नाही. चौतीस वर्षं त्यांनी पगार घेऊन लोकांना वेळेवर गाडीत बसवलं, आणि निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बिनपगारी लोकांच्या गाड्या चुकवायला सुरुवात केली.

कारण त्यांची कादंबरी. ती त्यांनी पाठकोऱ्या कागदांवर लिहिली आहे आणि तिची अकरा बाडं आहेत. बाडं बांधली मी. मी स्टँडसमोरच्या सीटकव्हरच्या दुकानात शिवणकाम करतो, त्यामुळे साहित्याला ट्रॅक्टरच्या सीटचं मरून रेक्झिन लागलेलं आहे. पावसात भिजलं तरी पुसून घेता येतं. रोज सकाळी सव्वानऊला काका बाड काखेत मारून तीन नंबरच्या फलाटावर येणार, बाकावर बसणार, घसा खाकरणार आणि जो असेल त्याला वाचून दाखवणार. आपलं लिखाण चांगलं की वाईट हे ठरवायची त्यांची स्वतःची रीत होती. ज्या प्रकरणापायी निदान एका माणसाची गाडी चुकेल ते प्रकरण पास. कुणाचीच चुकली नाही तर प्रकरण तिथंच फाडायचं. त्यासाठी त्यांनी एक वही घातली होती. पट्टीनं रकाने आखलेले: प्रकरण, गाडी, माणूस, गाव. मानवतच्या एका गुरुजींची शाळेची गाडी गेली तेव्हा काकांनी फलाटभर चहा वाटला होता. बोरीचा एक जण मुलगी बघायला निघालेला. नायक विहिरीत लपलेला असताना त्याची जिंतूरची गाडी निघून गेली, आणि ती मुलगी पुढं दुसरीकडं दिली गेली. तो अजूनही काका दिसले की लांबूनच विचारतो, "निघाला का वर?"

काकूंना ह्या सगळ्याचं नवल वाटत नसे. त्या म्हणायच्या, "पहिल्या बाळंतपणाची तारीख सांगितली तवा ह्यांनी इचारलं, फलाट कोणता. तवापासून मी यांना काई सांगत न्हाई."

कादंबरी दोनशे वर्षांनंतरची. तेव्हा 'अमल' नावाचं राज्य आहे आणि अमलात देवाचं नाव घ्यायला बंदी आहे. कुठल्याही देवाचं, कुठल्याही भाषेत. नुसते ओठ हलले तरी माणूस उचलतात. गल्लीगल्लीत सरकारनं एकेक कानवाला नेमलाय. तो भिंतीला कान लावून फिरतो, आत कुणी पुटपुटलं की वर कळवतो. माणसांना नावं नाहीत, सीट नंबर आहेत. हुकूमशहा सीट नंबर एक, म्हणजे ड्रायव्हरच्या पाठीमागची. राजधानी पिंगळी, कारण परभणी वाढत वाढत जाणार ती पिंगळीकडंच, असं काकांचं मत. तिथं गाड्या आभाळातून उडतात, पण त्यांच्यातही 'खिडकीबाहेर हात काढू नये' असं लिहिलेलं आहे आणि आमदारांसाठी सीट राखीव आहे. माणसाला भिंतीत चिणायची शिक्षा सात दहाला ठरली असेल तर ती सात दहालाच होते. मी एकदा म्हटलं, काका, इतक्या जुलमी राज्यात एवढी शिस्त कशी? तर चष्म्यावरून बघत म्हणाले, "जुलूम येळेवरच होत असतो, दर्यासाहेब. उशिरा येती ती दया."

दर्यासाहेब म्हणजे मी. ते नाव कसं पडलं तेही सांगतो. कादंबरीचा नायक सीट नंबर बावीस, हुद्दा कानवाला. पहिल्याच प्रकरणात त्यानं स्वतःच्या आईला धरून दिलेलं असतं. दळता दळता ती काहीतरी पुटपुटली, ह्यानं ऐकलं, वर कळवलं, आणि सरकारनं खूश होऊन त्याला खिडकीची जागा दिली. आईला समुद्रातल्या मिठाच्या किल्ल्यात डांबलं. मग बावीस नंबरचं अन्न गोड लागेना. तो खिडकीची जागा सोडून आईला सोडवायला निघतो आणि पुढं अकराही बाडं पळतोच आहे. आता काकांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. हजारो माणसं गावोगावी पाठवली, स्वतः संभाजीनगरच्या पलीकडं गेलेले नाहीत. त्यांच्या समुद्रात दर वीस मिनिटांनी एक लाट सुटायची आणि पुढच्या लाटेची घोषणा व्हायची. मी दुकानातून चहाला आलो होतो. मला राहवलं नाही. म्हटलं, काका, लाटेला वेळापत्रक नसतं, आणि भरती चढायला सहा तास लागतात. काकांनी बाड मिटलं. मला वाटलं आता ओरडणार. त्यांनी बाकावर सरकून जागा केली आणि म्हणाले, "या, दर्यासाहेब. बसा. समद्राचं काम हितून पुढं तुमच्याकडं."

मला समुद्र माहीत होता, कारण मी त्याच्यापासून पळून आलेलो होतो. इथं थोडं माझं सांगणं भाग आहे.

माझं गाव कोकणात, खाडीच्या तोंडाला. सातवीतून शाळा सुटली ती सुटलीच, होडीवर खलाशी म्हणून लागलो. घरात मी आणि आई, दोघंच. आमच्या शेजारी एक विधवा बाई राहायची. पालखीच्या वाटेसाठी तिनं अंगण सोडायला नकार दिला म्हणून गावकीनं तिला वाळीत टाकली. वाळीत म्हणजे विहीर बंद, दुकान बंद, बोलणं बंद. जो तिच्याशी संबंध ठेवील तोही वाळीत. माझी आई अंगानं काडी, पण देवाच्या बाबतीत हट्टी. सणाचा नैवेद्य झाला की ताटावर पान झाकून ती सरळ देवळापुढून शेजारणीकडं द्यायला जायची. म्हणायची, नैवेद्य गावकीचा नसतो, देवाचा असतो. व्हायचं तेच झालं. आम्हीही वाळीत. तांडेल, म्हणजे होडीचा मुख्य, मला होडीवर घेईना. बरोबर वाढलेली पोरं माझ्यातून आरपार बघायला लागली. पाच महिने मी ते सोसलं. मग एका सकाळी देवळात गेलो, गावकी बसलेली होती, पुढ्यात नारळ ठेवला होता, आणि त्या नारळावर हात ठेवून मी म्हणालो, आजपासून ही बाई माझी कुणी नाही.

ही बाई म्हणजे माझी आई. ती तिथंच होती. सगळ्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी मला होडीवर घेतलं. चार दिवसांनी परत आलो तर घराकडची पायरी चढवेना. तसाच स्टँडवर गेलो आणि जी गाडी समुद्रापासून लांब जाईल तीत बसत राहिलो.

असा पाथरीला उतरलो. काका तेव्हा नोकरीत होते. त्यांनी केबिनच्या जाळीतून विचारलं, कुठं जायचंय? म्हटलं, माहीत नाही. दोन तासांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर. तेव्हा ते बाहेर आले आणि म्हणाले, "ज्याला जायचं ठावं न्हाई, त्याची गाडी चुकत बी न्हाई. चला, जेवून घ्या." तसंच घरी नेलं. संध्याकाळच्या आत मेव्हण्याच्या सीटकव्हरच्या दुकानात मला मशीनवर बसवलंही. कुठला, कुणाचा, काही विचारलं नाही. अकरा वर्षं मी त्यांच्याच सावलीत जगलो आणि त्यांना कधी खरं सांगितलं नाही.

आणि हा माणूस रोज सकाळी माझ्या तोंडासमोर काय वाचत होता? आईला धरून देणाऱ्या मुलाची गोष्ट. पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या हातातला चहा सांडला. वाटलं, ह्यांना कुणी सांगितलं? पण कादंबरीची सुरुवात त्यांनी मी येण्याआधीच केलेली होती. त्यांना काही माहीत नव्हतं, ते आपल्या नादात वाचत होते. तरीही मी रोज जाऊन बसायचो. दुखऱ्या दाताला जीभ जाते तसा. मिठाचा किल्ला जवळ येत चालला, तसा मी बाकाच्या अगदी कडेला बसायला लागलो, कारण किल्ल्यात आई होती आणि ती बावीस नंबरला बघून काय म्हणणार हे मला ऐकायचं नव्हतं आणि ऐकायचंही होतं.

तीनदा मी पुण्याच्या गाडीचं आरक्षण केलं. पुण्याहून पुढं गाव एका रात्रीचं. तीनदा पिशवी घेऊन स्टँडवर आलो. गाडी पावणेदहाची, वाचन सव्वानऊचं. बसलो ऐकत. ड्रायव्हर आला, टपावर सामान चढलं, कंडक्टरनं दोनदा बेल मारली, आणि मी बाकावर. तिन्ही वेळा काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. वही काढून पट्टीनं रेघ ओढून लिहिलं: प्रकरण सोळा, पुणे गाडी, दर्यासाहेब. मग एकवीस. मग तेवीस. "आपल्या घरची गाडी सोडायलाय माणूस," ते काकूंना सांगायचे, "याच्यावर कोणतं बक्षीस?"

गौरी तोंडावर आल्या होत्या. मी चौथं आरक्षण केलं. त्या दिवशी काका शेवटचं प्रकरण वाचणार होते. ह्या प्रकरणाचे तेरा खर्डे आधी फाडले गेले होते, कारण तेराही वेळा लोक शांतपणे उठून आपल्या गाडीत जाऊन बसले होते. चौदावा खर्डा. फलाट भरलेला. टोपल्या घेतलेल्या बाया, सोनपेठचे दोन म्हातारे, मी. पुण्याची गाडी लागलेली. काकांनी वाचलं, किल्ल्याचं मिठाचं दार उघडतं, पांढऱ्या केसांची आई पळत येते, बावीस नंबरला पोटाशी धरते आणि म्हणते, बाळा, मी तुला केव्हाच माफ केलंय. एका बाईनं पदर डोळ्याला लावला. म्हातारे हलेनात. गाडी चुकणार हे दिसत होतं. प्रकरण पास होणार होतं.

"खोटं आहे," मी म्हणालो.

काकांनी मान वर केली. "काय खोटं हाय?"

"आई अशी येत नाही."

"तुमाला काय ठावं?"

मग मी सांगितलं. बसलेला होतो तो उभा राहिलो आणि सगळं सांगितलं, नारळापर्यंत. टोपलीवाल्या बाया ऐकत होत्या, म्हातारे ऐकत होते. काकांनी मला थांबवलं नाही की धीर दिला नाही. खिशातून पेन्सिल काढली.

"कोणता हात ठिवला?"

"उजवा."

"आई कुठं हुती?"

"खांबाजवळ."

"काय म्हणली?"

"काही नाही. पदर नीट केला आणि घरी गेली."

'पदर नीट केला' हे त्यांनी लिहून घेतलं आणि पेन्सिल तिथंच थांबली. मग त्यांनी सावकाश ती दुसरी वही काढली, चुकलेल्या गाड्यांची. पानं उलटली.

"सोळा, एकवीस आन तेवीस," ते म्हणाले. "तीन प्रकरणं मी तुमच्या एकट्याच्या जिवावर पास केलीत. ती काहून चुकली मग गाडी?"

"प्रकरणं चांगली होती, काका," मी म्हणालो. "पण मला गाडी चुकवायचीच होती."

त्यांनी पट्टी घेतली. लाल पेन घेतलं. पट्टी धरून तिन्ही ओळी खोडल्या, कारण रेघ वाकडी गेलेली त्यांना खपत नाही. पण तिसरी रेघ वाकडी गेलीच. मी कुणाच्या घरात चोरी केली असती तरी मला इतकं वाईट वाटलं नसतं. ज्यानं मला अकरा वर्षं थारा दिला त्याची मी खोटी शाबासकी झालो होतो. आता हा मला तोडणार, मी मनात म्हटलं, आणि तोडावंच.

पुण्याच्या गाडीनं इंजिन सुरू केलं. काकांनी घड्याळ पाहिलं. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा.

"ऊठ," ते म्हणाले. मला ते कधी अरेतुरे करत नसत. "शेवट मला लिहिता येत न्हाई. मी हितं बसून तो बनवायलोय. चौदा डाव झाले. तू जा, आन बघून ये ती काय करती. तवर बावीस नंबरला मी दाराभाईर उभा ठिवतो."

मी म्हटलं, काका, नको. गाडी फलाटावरून मागं सरकायला लागली होती. तेव्हा जे घडलं ते पाथरीच्या स्टँडवर अजून सांगतात. सत्तरीला टेकलेले काका, एका काखेत रेक्झिनचं बाड, तोंडात जुनी शिट्टी, गाडीच्या आडवे जाऊन उभे राहिले. ड्रायव्हर खिडकीतून म्हणाला, मास्तर, रिटायर माणसानं गाडी अडवायची असती व्हय? काका म्हणाले, "तीन डाव चुकलीय याची. चौथ्यानं चुकली तर दोष माझा." मला दंडाला धरून चढवलं, पिशवी मागून फेकली आणि गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. ज्या माणसानं गावोगावच्या माणसांच्या गाड्या चुकवल्या, त्यानं माझ्यासाठी एक थांबवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात उतरलो. गौरी जेवायचा दिवस. घराकडं चढणाऱ्या पाखाडीच्या प्रत्येक पायरीवर वाटत होतं, परत फिरावं. फिरलो नाही, त्याचं कारण धैर्य नव्हे. बावीस नंबर दाराबाहेर उभा आहे हे डोक्यात होतं. मी परत फिरलो तर तो तिथंच उभा राहणार.

आई ओटीवर केळीची पानं पुसत बसली होती. केस पांढरे झाले होते, तेवढं काकांचं बरोबर निघालं. मी अंगणातून हाक मारली. तिनं पाहिलं, पुन्हा पान पुसायला घेतलं.

"गावकीला इचारलंस का," ती म्हणाली, "माझ्याशी बोलायला?"

मी नाही म्हणालो. ती पान पुसून आत गेली. मी अंगणात उभा. आत पूजा झाली, घंटा वाजली, मी उभाच. ऊन डोक्यावर आलं. मग ती बाहेर आली, हातात ताट, वर पान झाकलेलं. ते माझ्या हातात दिलं.

"पलीकडं देऊन ये. परड्यातनं नको. देवळापुढनं जा."

शेजारणीचं दार आमच्या घरामागच्या परड्यातून वीस पावलांवर. देवळापुढून गेलं तर सगळं गाव. देवळाच्या पायऱ्यांवर तीच माणसं बसलेली होती, थोडी म्हातारी झालेली. आता वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा झालाय म्हणतात, पण बघणारे डोळे काही कायद्यानं बदलत नाहीत. मी ताटावरचं पान अंगठ्यानं दाबून धरलं. तांडेल उठून उभा राहिला. वाट अडवली नाही, नुसता उभा राहिला.

"काय रं, काय घेऊन चाललास?"

अकरा वर्षांपूर्वी ह्याच जागी जे बोललो होतो त्याची उलटी बाजू मला बोलायची होती. "माझ्या आईनं नैवेद्य दिलाय," मी म्हणालो. "तो द्यायला चाललोय."

मी चालत राहिलो. शेजारणीनं ताट घेतलं, माझ्याकडं पाहिलं, आणि रिकामं भांडं परत देऊ नये म्हणून ताटात चिमूटभर साखर घालून दिलं. परत आलो तेव्हा आमचं दार उघडं होतं. आत दोन पानं मांडलेली होती.

पाथरीला येऊन हे मी काकांना सांगितलं. ते बाकावर मान खाली घालून लिहीत होते. सगळं झाल्यावर विचारलं, "नाव घेतलं का तिनं तुझं?"

"नाही. नुसतं 'देऊन ये' म्हणाली."

"मग मी बी घालत न्हाई," ते म्हणाले. "पळत येणं बी काढतो. मिठी बी काढतो. ताट ठिवतो."

आठ दिवसांनी त्यांनी ते प्रकरण वाचलं. मी शेजारी बसलो होतो. आई किल्ल्याच्या दारातून बावीस नंबरच्या हातात ताट देते आणि सांगते, हे सीट नंबर एकच्या दारावरून घेऊन जा. इथपर्यंत येता येता सोनपेठचा एक म्हातारा, घरी जायला पाहिजे म्हणत, उठला. मग एक बाई. मग पिशवी सावरत एक तरुण माणूस. शेवटचं वाक्य व्हायच्या आत सगळे एकेक करून आपापल्या गावच्या गाडीत जाऊन बसले. एकही गाडी चुकली नाही. फलाटावर आम्ही दोघंच. आता हे फाडणार म्हणून मी त्यांच्या हाताकडं बघत होतो. काकांनी निघून गेलेल्या गाड्यांची धूळ बसेपर्यंत वाट पाहिली. मग वही उघडली, पट्टी न घेता, हातानंच एक वाकडी रेघ ओढली आणि पुढं लिहिलं, 'पास'.

त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही. आता नजर कमी झालीय. सव्वानऊला बाकावर येतात, पण बाड माझ्याकडं देतात. सातवीतून सुटलेला मी अक्षर लावत लावत वाचतो. कुठं अडलो तर ते न बघता पुढचं म्हणतात. मी सणाला गावी जातो, परत येतो. आईनं अजून माझं नाव घेतलेलं नाही. पण परवा फोनवर म्हणाली, त्या गाडीवाल्यांना एकदा घेऊन ये. मी काकांना सांगितलं, तर म्हणाले, मी गाडीत बसलो की गाडी सोडणार कोण?

काका, हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेल, म्हणून इथंच सांगून ठेवतो. एक दिवस मी तुम्हाला पुण्याच्या गाडीत बसवणार आहे, खिडकीशी. पत्र्यावर थापा मी मारीन, पळत येऊन चढेनही मीच. आमच्या खाडीच्या तोंडाशी नेऊन तुम्हाला समुद्र दाखवीन. सहा तास बसू, भरती पूर्ण चढेपर्यंत. ती गाडी मी चुकू देणार नाही.